चाक बदलताना कोणता टायर?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले, की टायर आणि अलायचे (हलक्या मिश्रधातूच्या रिमचे) प्रश्न घेऊन पत्रं येऊ लागतात. यावेळी त्यातली पाच निवडली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण मापाचा सगळा हिशेब तिथेच सांगितला आहे. पुढची उत्तरं वाचताना तो लागेल.

प्रश्न : माझी 2019 ची डिझायर आहे, खालच्या व्हेरियंटची. लोखंडी डिस्कवर (साध्या रिमवर) 165/80 आर14 टायर आहेत. चारही संपत आलेत, म्हणून सोबतच अलाय टाकायचे आहेत. एका दुकानदाराने 15 इंची अलाय दाखवले, मागच्या बाजूला 7जे ईटी35 असं कोरलंय. त्यावर 195/65 चे टायर बसवून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, 16 इंचीच घ्या, गाडी उठून दिसते. आमचं गाव डांबरी रस्त्यापासून आत आहे, शेवटी पांदण लागते. काय घ्यावं?
— एक शेतकरी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : दुकानदाराशी बोलण्याआधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचा. कंपनीने तुमच्या गाडीला कोणतं माप आणि किती हवा सांगितली आहे, ते तिथे असतं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी 185/65 आर15 देते. 15 इंचावर जायचंच असेल, तर तेच माप घ्या. का, ते आकड्यांवरून कळेल.

165/80 आर14 मध्ये 165 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे भिंतीची (रिम आणि जमिनीला टेकणारी नक्षी यांच्या मधल्या रबराची) उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिमी. आर म्हणजे रेडियल आणि 14 हा रिमचा व्यास इंचात. एक इंच 25.4 मिमी, म्हणून रिम 355.6 मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दोनदा धरायची : 264 मिमी. एकूण चाक 619.6 मिमी. असाच हिशेब 185/65 आर15 ला लावला, तर 381 अधिक 240.5, म्हणजे 621.5 मिमी. फरक जेमतेम 2 मिमी. स्पीडोमीटर, गिअर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांच्यापैकी कोणालाही तो जाणवत नाही.

तुम्हाला सुचवलेला 195/65 आर15 मात्र 634.5 मिमी भरतो. तो 15 मिमीने, म्हणजे 2.4 टक्क्यांनी मोठा आहे. काटा 100 वर असेल तेव्हा गाडी मूळ टायरच्या मानाने 2.4 किमीने जास्त पळत असेल. एवढ्याने आकाश कोसळत नाही, पण टायर 30 मिमी रुंदही झाला आहे. व्यास आणि रुंदी दोन्ही वाढली, की मडगार्डच्या आतली जागा कमी होते. आपल्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला चिकटून थरावर थर चढतो. मोकळी जागा उरली नसेल, तर पांदणीत दोन-चारशे मीटरवरच चाक मडगार्डला घासू लागतं आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर उखडून येतं.

16 इंचीचा मोह सोडाच. 195/55 आर16 चं चाक 620.9 मिमी भरतं, म्हणजे व्यास अगदी जुळतो, आणि विकणारा हेच सांगून पटवतो. पण भिंत 132 वरून 107 मिमीवर आली, रबर 25 मिमीने कमी झालं. खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोचायला अडवणारं तेच रबर होतं. पऱ्हाटीचा किंवा तुरीचा तिरपा तुटलेला खुंट, मुरमाचा दगड, पुलाच्या कठड्याची कड यातलं काहीही भिंतीला चिरू शकतं आणि भिंत चिरली की पंक्चर काढून भागत नाही, टायरच बदलावा लागतो. खड्ड्यात आपटून लोखंडी डिस्क वाकली, तर ठोकून सरळ करता येते. अलाय तडकतो. वेल्डिंग करून रंगवलेले अलाय नवे म्हणून विकले जातात, तेव्हा आतल्या बाजूने हात फिरवून जोड लागतो का, ते पाहा.

आता रिमवर कोरलेलं वाचू. 7जे म्हणजे रिमची आतली रुंदी 7 इंच. 185/65 आर15 हा टायर 5 ते 6.5 इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा असतो, 5.5 त्याला उत्तम. 7 वर बसवला तर भिंती ताणल्या जातात आणि रिमची कड टायरच्या बाहेर उघडी पडते. म्हणजे 185/65 साठी तो अलाय तुमच्या कामाचा नाहीच.

ईटी म्हणजे ऑफसेट : रिमची मधली रेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये. आकडा लहान झाला की चाक बाहेर सरकतं. समजा तुमची डिस्क 5.5जे ईटी45 आहे आणि नवी 7जे ईटी35. रुंदी दीड इंचाने, म्हणजे 38 मिमीने वाढली, ती दोन्ही बाजूंना 19-19 वाटली गेली. शिवाय ऑफसेट 10 ने कमी झाला. म्हणून बाहेरची कड 29 मिमी बाहेर आली आणि आतली 9 मिमी आत गेली. बाहेर आलेलं चाक दारांवर चिखल उडवतं, बेअरिंगवर जादा ताण टाकतं, आणि मागे चार माणसं बसली की मडगार्डच्या कडेला लागतं. आत गेलेली कड शॉकअपला घासू शकते. तुमच्या डिस्कवर हे आकडे आतल्या बाजूला असतात. चाक काढून पुसून वाचा, नवी रिम रुंदीत अर्ध्या इंचापेक्षा आणि ऑफसेटमध्ये 5 मिमीपेक्षा दूर जाऊ देऊ नका.

आणखी तीन गोष्टी दुकानातच तपासा. पहिली, पीसीडी. डिझायरचा 4×100 आहे, म्हणजे चार बोल्ट 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर. 4×98 किंवा 4×108 ची रिम ‘थोडं रेटून’ बसते असं कोणी म्हटलं, तर उठून या. दुसरी, मधलं भोक. तुमच्या हबचं माप 54.1 मिमी, बाहेरच्या अलायचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं, 67.1 किंवा 73.1. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती न टाकल्यास चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि 80 च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतात. तिसरी, नट. मारुतीचा आटा 12×1.25 आहे, ह्युंदाई-होंडा-टोयोटाचा 12×1.5. चुकीचा नट सुरुवातीचे दोन फेरे हाताने फिरतो, मग पान्याने दाबला की बोल्टचे आटे जातात. नट बोल्टवर किमान 12 मिमी चढला पाहिजे, म्हणजे साधारण दहा फेरे. अलायची नटाची बैठक निमुळती आहे की गोल, तेही पाहून त्याच घडणीचे नट घ्या.

पैसे देण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे बसवून बघा. स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, आतून शॉकअपजवळ बोट सहज गेलं पाहिजे. मागे चार जण बसवून मडगार्ड बघा. नट हाताने लावून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, साधारण 100 न्यूटन-मीटर. पाइप लावून पान्यावर उभं राहायची गरज नाही. 50 ते 100 किमी चालल्यावर पुन्हा एकदा आवळा, नव्या अलायचे नट पहिल्या फेरीनंतर थोडे ढिले होऊ शकतात.

आमचं मत विचाराल, तर पांदणीतून रोज जाणाऱ्या गाडीला 14 इंची लोखंडी डिस्क आणि 165/80 हीच जोडी चांगली. त्यात वाचलेल्या पैशांत चांगल्या कंपनीचे चार टायर येतील.

प्रश्न : आमच्या बोलेरोले 215/75 आर15 टायर हायत. परतवाड्याचा मेकॅनिक म्हणते, 235/75 टाका बिनधास्त, काई होत नाई, गाडी उंच होते अन् चिखलात फसत नाई. घाटातून रोजचं जाणं-येणं हाय. टाकू का?
— वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : नका टाकू. 215/75 आर15 चं चाक 703.5 मिमी आहे, 235/75 चं 733.5. व्यास 30 मिमी वाढला, म्हणजे गाडी उचलली गेली फक्त 15 मिमी, बोटाच्या जाडीएवढी. त्या बदल्यात प्रत्येक गिअर 4 टक्क्यांहून जास्त लांबला. मेळघाटच्या चढावर भरलेली बोलेरो जिथे दुसऱ्यावर जात होती, तिथे पहिला टाकावा लागेल आणि वळणावर थांबून पुन्हा उचलताना क्लच जळेल. उतारावर इंजिनचा रोधही तेवढाच घटतो, ब्रेकला जास्त काम पडतं. काटा 80 दाखवेल तेव्हा मूळ टायरच्या हिशेबाने गाडी 83 वर असेल. 235/75 आर15 ला निदान 6 इंच रुंदीची रिम लागते, त्याहून अरुंद रिमवर टायर मधोमध फुगून मधलीच नक्षी झिजते.

चिखलाचं सांगायचं, तर रुंद टायर वाळूत बरा. काळ्या मातीत अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. फसण्याचं खरं कारण नक्षी आहे. शहरी टायरच्या बारीक खाचा चिखलाने भरल्या, की तो गोटा टायरसारखाच चालतो. त्याच 215/75 आर15 मापात मोठ्या, मोकळ्या खाचांचा ऑल टेरेन टायर मिळतो. खाचा मोकळ्या असल्या की फिरताना चिखल आपोआप फेकला जातो. डांबरावर त्याचा आवाज येतो आणि डिझेल थोडं जास्त जातं, एवढी किंमत मोजावी लागेल.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला, तर विम्याच्या सर्वेअरला नको ते कारण आयतं मिळतं.

प्रश्न : अल्टोचे पुढचे दोन टायर गोटा झाले, मागचे निम्मे आहेत. 145/80 आर12 मिळत नाही म्हणून दुकानदार 145/70 आर12 देतो आहे, “रिम तीच, बसतो” म्हणतो. दोनच घेतले तर चालतील का?
— एक शिक्षिका, ता. तेल्हारा, जि. अकोला

उत्तर : बसतो हे खरं, पण तो चालवायचा टायर नाही. 145/80 आर12 चं चाक 536.8 मिमी, 145/70 चं 507.8. गाडी साडेचौदा मिमी खाली आली, काटा 80 दाखवत असेल तेव्हा गाडी पाऊणशेच्या आसपास असेल आणि किलोमीटर उगाच जास्त मोजले जातील. याहून मोठी अडचण वजनाची. मापापुढे जो आकडा-अक्षर असतं, जसं 74टी, त्यात 74 हा भारांक, म्हणजे एक टायर 375 किलो पेलतो. 145/70 आर12 वर बहुधा 69 लिहिलेलं असतं, म्हणजे 325 किलो. चाकामागे 50 किलोंची घट झाली. भारांक मूळपेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही, जास्त चालतो. शेवटचं अक्षर वेगाचं : एस 180, टी 190, एच 210 किमी. तेही मूळ अक्षराच्या खालचं नको.

शिवाय एकाच गाडीला पुढे एक व्यास आणि मागे दुसरा, हे करूच नका. अकोल्यात किंवा अकोटला मागवून घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी.

दोनच टायर घेतले तर नवे मागे लावायचे आणि मागचे निम्मे पुढे आणायचे. हे ऐकून पुष्कळांना उलटं वाटतं, कारण इंजिन आणि स्टीअरिंग पुढे असतं. पण पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलावर पुढची चाकं घसरली, तर गाडी सरळ पुढे जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. खाचेच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात, भिंतीवर त्या जागी टीडब्ल्यूआय किंवा बाण छापलेला असतो. नक्षी त्या उंचवट्याला भिडली म्हणजे 1.6 मिमी उरली, टायर संपला. पावसाळ्याआधी 3 मिमीच उरले असतील, तर मागच्यांचाही विचार करा.

प्रश्न : एर्टिगाला नवे 185/65 आर15 टाकले. उन्हाळ्यात सात जण आणि सामान घेऊन समृद्धीवरून जायचं आहे. टायर फुटतात असं ऐकतो. हवा कमी ठेवावी का? नायट्रोजन भरू का?
— वाचक, पुलगाव, जि. वर्धा

उत्तर : हवा कमी ठेवणं हेच टायर फुटण्याचं मोठं कारण आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच आत उष्णता तयार होते. मेमध्ये बाहेर 45 अंश, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, 120 चा वेग आणि सात माणसं. अशात आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. 88 या भारांकाचे 560 किलो हे 36 पाऊंड हवेला धरलेले असतात, 28 वर तो टायर तेवढं पेलत नाही.

स्टिकरवर कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. प्रवासाच्या पहाटे, गाडी निदान तीन तास उभी असताना, पूर्ण भाराचा आकडा भरा. चालल्यावर तापमान वाढलं की दर 10 अंशांना साधारण दीड पाऊंड हवा वाढते. 32 चे 37 झालेले दिसले, तर सोडू नका. गरम टायरमधून पाच पाऊंड सोडले, की दुसऱ्या सकाळी ते 27 भरतात. नायट्रोजनने नुकसान नाही, पण साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्याचे पैसे बॅलन्सिंगला वापरा.

नवा टायर घेताना भिंतीवर डीओटी अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. घेताना वर्षाच्या आतलाच घ्या. स्टेपनीचंही हेच. तिची नक्षी कोरी दिसते, पण आठ-नऊ वर्षं डिकीत तापलेलं रबर कडक होतं आणि भिंतीला केसासारख्या भेगा पडतात. असा टायर समृद्धीवर लावू नका. स्टेपनी मूळच्या मापापेक्षा वेगळी असेल, तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंत, 80 च्या आत, आणि शक्यतो मागच्या चाकाला. पुढचं चाक पंक्चर झालं असेल तर मागचं पुढे आणून स्टेपनी मागे टाका. व्यासात फरक असलेली दोन चाकं पुढे आली, तर गिअरबॉक्समधला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो आणि तापतो.

प्रश्न : कारचे काढलेले 14 इंची टायर बंडीला लागतील का?
— वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. बंडीसाठी, म्हणजे बैलगाडीसाठी, येणारे एडीव्ही (जनावरांनी ओढायच्या गाडीचे) टायर 6.00-19, 7.00-19, 8.00-19 अशा मापांचे असतात. रिम 19 इंची आणि आत ट्यूब. कारचा 14 इंची टायर त्या रिमवर चढणारच नाही. टायरसोबत 14 इंची डिस्कही बंडीला लावायची म्हटली, तर आस खाली येते आणि जू आणि धुरेची उंची बिघडते. काढलेले टायर दुकानदाराला परत द्या, थोडेफार पैसे सुटतात. देण्याआधी भिंतीवर खडूने मोठी फुली मारून ठेवा, म्हणजे खाचा कोरून तेच टायर कोणाला दुसऱ्यांदा विकले जाणार नाहीत. खडू पुसला जातो, म्हणून भिंतीला सुरीने एक चीर दिली तर आणखी बरं.